दुपारी दोन दहाची कुही

सुखदेवजी,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कुहीच्या मंडपात तुमच्याविषयी बरेच खोटे बोलले गेले आणि मी गप्प बसलो. मला ओळखणाऱ्या कोणालाही हे पटायचे नाही. पस्तीस वर्षे मी भूमापन खात्यात काढली; आता अधूनमधून वर्तमानपत्रात लिहितो. हद्द चुकली असेल तर ती चुकली आहे, असे सांगताना मी कधी समोरच्याचा हुद्दा पाहिला नाही, की त्याच्या हातातली काठी पाहिली नाही. त्या दिवशी मात्र तिसऱ्या रांगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून, मी शेवटपर्यंत बसून राहिलो. का बसून राहिलो, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही. पण आधी इतरांचे खोटे खोडू द्या. माझे त्यानंतर.

तुमचा पुतण्या मिलिंद, ज्याच्या घरी तुम्ही अखेरची सहा वर्षे काढलीत, उभा राहून म्हणाला, "काका मोठे शांत स्वभावाचे होते." हे चूक आहे. दवाखान्यातल्या आपल्या वॉर्डात वरण पातळ आले की तुम्ही ताट घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी जात आणि आत डोकावून विचारत, "बाई, वरण केलं का भांडं धुतलं?" तुमच्या एस.टी. आगारातले एक निवृत्त चालक म्हणाले की सुखदेवने उभ्या आयुष्यात कोणाशी वाद घातला नाही. माझ्याशी तुम्ही नऊ महिने, रविवारही न सोडता, वाद घातलात. त्यांतले बहुतेक तुम्ही जिंकलात, हे मी आज पहिल्यांदा मान्य करतो आहे.

असली असत्ये मी सोडून दिली असती. मेलेल्या माणसाला थोडे गुळगुळीत करण्याची आपल्याकडे रीतच आहे. पण नंतर मिलिंद हसत म्हणाला, "काकाचा आजार मोठा होता. दवाखान्यात रोज दुपारी बस चालवत. बाकड्यावर मानसं बसवून तिकिटं द्याचे. त्याईले ते गाडी खरीच वाटे. डॉक्टरनं तसं लिहूनच देल्लं हाय." मंडपात हसू पसरले. वाईट हसू नव्हते. गेलेल्या माणसाच्या वेडेपणावर प्रेमाने हसतात तसे होते. तुमची मुलगी सुजाता हसली नाही. मीही हसलो नाही. माझे हात मांडीवरून हलले नाहीत.

आता माझे म्हणणे.

कळमेश्वर रस्त्यावरच्या त्या न्यासाच्या मनोरुग्णालयात मी दाखल झालो तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो. माझ्या आजाराला कागदावर जे नाव दिले होते ते मला मान्य नाही, म्हणून येथे लिहीत नाही. घडले ते एवढेच: पत्नी गेल्यानंतर मला झोप येईनाशी झाली, आणि पहाटे उठून मी आमच्या वसाहतीतले सगळे भूखंड फीत लावून मोजू लागलो. दोन महिन्यांत सोळा कुंपणे चुकीची आढळली. सतराव्या घराची भिंत मी सब्बल घेऊन पाडायला लागलो तेव्हा मुलाने मला गाडीत घालून तेथे नेले. ती भिंत दीड फूट पुढे होती, हे मी आजही कोणत्याही कार्यालयात सिद्ध करून देईन. ती पाडण्याची वेळ व पद्धत चुकली, एवढे मानतो.

पहिले दोन महिने औषधांच्या गुंगीत गेले. मग डोके ताळ्यावर आले, आणि त्यानंतर जे सुरू झाले त्याबद्दल मला कोणी आधी सांगितले नव्हते. मनोरुग्णालय म्हटले की लोकांना किंकाळ्या, साखळ्या, विजेचे झटके आठवतात. मला आठवतो तो कंटाळा. सहाला चहा, आठला गोळ्या, साडेबाराला जेवण, चारला पुन्हा चहा. दूरदर्शन संचाची कळ परिचारकाच्या खिशात. कॅरमच्या सोंगट्या अकरा. वर्तमानपत्र कालचे, आणि त्यातले शब्दकोडे कार्यालयातल्या कोणीतरी आधीच सोडवलेले, तेही चुकीचे. दुपारी दोनपासून चारपर्यंत तर, तीनच्या गोळ्या सोडल्यास, काहीच नसे. पंखा फिरे. माणसे खाटांवर पडून छताकडे बघत. आजार असतो तेव्हा माणूस कंटाळत नाही, सुखदेवजी; त्याला पहाटेपासून कामे असतात, भिंती मोजायच्या असतात. कंटाळा येतो तो बरे वाटू लागल्यावर. बरे होण्याची ही खूण मी कोणत्याही डॉक्टरच्या तोंडून ऐकली नाही, पण माझ्या दृष्टीने तिच्याइतकी पक्की खूण दुसरी नाही.

मी त्या दोन तासांत व्हरांडा मोजत असे. पावलांनी, फीत जवळ ठेवायला परवानगी नव्हती. एके दिवशी तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. मी जवळ आलो तेव्हा पाय आडवा घातलात.

"किती भरला जी, साहेब?"

"एकसष्ट पावले."

"काल साठ होता. बिल्डिंग वाढून राहिली का?"

"काल तुम्ही मोजत होता?"

"तुमी मोजून राहिले, मी तुमाले मोजून राहिलो. दुसरं काम काय हाय इथं?"

मला राग आला. चार-पाच महिन्यांत कोणी माझ्या मोजणीवर बोट ठेवले नव्हते. मी परत फिरलो आणि तुमच्यासमोर पुन्हा मोजले. साठच भरली. तुम्ही पाय मागे घेतलात. त्या दिवसापासून तुम्ही मला मोजणीसाहेब म्हणू लागलात आणि मी तुम्हाला, नागपुरी रिवाजाप्रमाणे, सुखदेवजी. त्यापलीकडची सलगी आपण दोघांनीही केली नाही. मी साहेबच राहिलो. त्याचा मला तेव्हा अभिमान होता.

गाडी कशी सुरू झाली, ते मिलिंदला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. त्या दुपारी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत तुम्ही सहज म्हणालात, "दोन दहा. कुहीची गाडी सुटली असन." तुम्ही त्या मार्गावर एकोणीस वर्षे वाहक होता, हे मला तेव्हा कळले. थोड्या वेळाने म्हणालात, "दिघोरी नाका." मग विहीरगाव. मग पाचगाव. दोन गावांच्या मध्ये तुम्ही गप्प राहत होता. मी विचारले, मधले अंतर सोडून एकदम पुढचे गाव का घेत नाही? तुम्ही माझ्याकडे असे पाहिलेत की जणू मी फुकट प्रवास करताना सापडलो होतो.

"गाडी उडते का जी? जेवढा टाइम लागते तेवढा लागनच."

"पण येथे कोणाला पोचायचे आहे?"

"टाइम काढू नका, साहेब. काढला का पुन्हा भरते, हिरीच्या पान्यावानी. त्याले न्या कुठंतरी."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ शहाण्या माणसांची भाषणे ऐकली. त्यांतले एकही वाक्य मला उपयोगी पडले नाही. हे पडले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही व्हरांड्यातली बाकडी दोन-दोनच्या रांगेत लावलीत. कालच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडा फाडून तिकिटे केलीत. चिमटा नव्हता म्हणून कोपरा नखाने खुडून देत होता. दोन दहाला तोंडाने दोनदा घंटी दिलीत आणि गाडी सुटली. पहिल्या दिवशी प्रवासी मी एकटाच. आठवड्याभरात माझ्याशिवाय चौदा झाले. नियम तुमचे कडक. तिकिटावाचून बसायचे नाही, थांबा येण्याआधी उठायचे नाही, आणि खिडकीतून काय दिसते ते ज्याची खिडकी त्याने सांगायचे. मला कुही तालुक्यातल्या धानाच्या शेतांची प्रत्येक बांधी ठाऊक होती, म्हणून मला तुम्ही डावीकडची खिडकी दिली होती. धानाला पाणी कुठवर चढले आहे, कोणाच्या बांधाला खांड पडले आहे, ते मी सांगत असे. रोवणीचे दिवस असले की तुम्ही ओरडत, "चिखलाच्या पायाच्या बाया चढून राहिल्या, सरका जी थोडे!" आणि चौदा पुरुष, ज्यांना घरच्यांनी सरकवून येथे आणून ठेवले होते, ते बाकड्यावर खरोखर सरकत.

बुटीबोरीच्या कापड कारखान्यातला तो बिहारी कामगार आठवतो? रामपरवेश. चार महिन्यांत त्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. तुम्ही रोज त्याला तिकीट देत, तो हातात धरून बसे. एके दुपारी पाचगाव यायच्या बेतात तो अचानक उभा राहून म्हणाला, "रोकिए, उतरना है." तुम्ही एक घंटी दिलीत. सगळी गाडी थांबली. तो उतरला, व्हरांड्याच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला आणि रडू लागला. आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत होतो. तुम्ही आम्हाला रागावलात. "उतरलेल्या पॅसेंजरकडे काय पाहून राहिले? आपापल्या खिडकीतून पाहा." आणि दोन घंट्या दिल्यात. त्याच्या रडण्याला तुम्ही जो आडोसा दिलात, त्याचा मी तुम्ही असेपर्यंत कोणाजवळ उल्लेख केला नाही. मंडपात करायला हवा होता.

तुम्हाला ती गाडी खरी वाटत होती? सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन मध्येच आली तर तुम्ही हात आडवा करून म्हणत, "बाई, चालत्या गाडीत चढू नका," आणि तिच्या पाठीमागून मला डोळा घालत. कुही आले की सगळ्यांकडची तिकिटे गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकत आणि म्हणत, "चला बाप्पा, झाला खेळ. चहा आला." ज्याला गाडी खरी वाटते तो तिकिटे कचऱ्यात टाकीत नाही. हा पुरावा कोणत्याही चौकशीत टिकेल.

पण याहून मोठा पुरावा माझ्याजवळ होता, आणि तो तुम्ही एकट्या मला दिला होता. तुमचा आजार आवाजांचा होता. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत गाडीच्या मागच्या बाजूने कोणीतरी हाक मारी, "कंडक्टर, माझं तिकीट!" तुम्ही मागे जात, तर तेथे कोणी नसे. पुढे ती हाक घरातही येऊ लागली. एक दिवस कुही आल्यावर सगळे चहाला गेले, आपण दोघेच बाकड्यावर राहिलो. तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "साहेब, एक सांगू का? मी ही गाडी काहून चालवतो, तुमाले माहीत नाही. मांगून कोनी हाक मारते का, ते पाहून राहिलो. महिना झाला. बसले आहेत तेच बोलतात. मांगून कोनी नाही." मग दोन्ही हात गुडघ्यांवर आपटून म्हणालात, "मी बरा झालो जी."

मी काय म्हणालो, आठवते? मी म्हणालो, "आनंद आहे." जणू कार्यालयात कोणी बढतीचे पेढे आणले होते.

तुमची नात तेव्हा पाच वर्षांची होती. सुजाता लहान असताना रविवारी तुमच्याबरोबर वाहकाच्या जागेवर बसून कुहीपर्यंत येई; नातीलाही तसेच एकदा खऱ्या गाडीतून न्यायचे, एवढीच तुमची इच्छा होती. "पोट्टीले खिडकी द्याची," म्हणत. घरी जायचे म्हणजे सुजाताच्याच घरी, मानेवाड्याला, हे ठरले होते. जावईही तयार होते. आपले दोघांचेही सुटण्याचे दिवस जवळ आले होते.

आता माझे खोटे.

नहराजवळचा तो विनंती थांबा. तुम्ही तो कालव्यावरच्या मोरीच्या अलीकडे घेत होता. मी म्हणत होतो, मोरीच्या पलीकडे. त्या गावाची मोजणी मी स्वतः केली होती, नकाशावर माझी सही होती. नऊ महिन्यांत हा वाद आपण किती वेळा केला, त्याची गणती नाही. त्या दिवशी मी उभा राहून सर्व प्रवाशांसमोर म्हणालो की वाहकाला थांबा माहीत नसेल तर त्याने मोजणी करणाऱ्याला विचारावे. तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहेब, तुमी जमीन मोजली. मी मानसं उतरवली. इचारा यांना, कुठं उतरतात ते." आणि चौदाच्या चौदा जण ओरडले, "अलीकडे!" त्यांतल्या तेरांनी तो थांबा जन्मात पाहिला नव्हता. रामपरवेशसुद्धा ओरडला. सगळे हसले, तुम्हीही हसलात. मी हसलो नाही. चारचा चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी मला बोलावले. घरी सोडण्यापूर्वीची ती तपासणी होती. त्या तरुण होत्या, सभ्य होत्या, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. दुपारी रुग्ण गोळ्यांसाठी उठत नाहीत, "पाचगाव यायचंय" म्हणतात, अशी तक्रार त्यांच्याकडे गेली होती. त्यांनी विचारले, "तुम्ही सगळे दुपारी व्हरांड्यात काय करता?"

मला भीती वाटली. खोट्या गाडीत बसून खोटे धान पाहणारा माणूस घरी जाण्यास योग्य ठरेल का, ही भीती. पण भीतीपेक्षा आदल्या दिवशीचे ते हसणे अधिक होते. मी ताठ बसलो आणि म्हणालो, "मी नुसता बसलेला असतो. गाडी त्यांची आहे. त्यांना ती खरी वाटते."

त्यांनी ते लिहून घेतले. लेखणी चालताना मला दिसत होती. बोटाने थांबवावे आणि म्हणावे, बाई, हे शेवटचे वाक्य खोडा, एवढेच करायचे होते. दुसऱ्यांच्या चुका खोडण्यात मी हयात घालवली होती. मी उठलो, नमस्कार केला आणि बाहेर आलो. चार दिवसांनी मुलगा मला घ्यायला आला. तुम्ही फाटकापर्यंत आलात आणि म्हणालात, "साहेब, तुमची खिडकी कोनाले देत नाही. कवा आले तर बसा."

तुमची सुटका पाच महिने लांबली. औषधे पुन्हा वाढवली गेली; तुमच्या हाताला कंप सुटला तो कायमचा. बाकडी हलवण्यात आली. आणि सुटलात तेव्हा मानेवाड्याचे दार बंद झाले होते. कागदावर भ्रम असे लिहिले होते, घरात लहान मूल होते, आणि भिणाऱ्या लोकांना मी दोष देऊ शकत नाही. तुम्ही कुहीला मिलिंदकडे गेलात. त्याने तुम्हाला सांभाळले, हे मी नाकारत नाही.

पुढच्या वर्षी आपण बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर भेटलो. तुम्ही महिन्यातून एकदा नागपूरला येत. सुजाता तेथे येऊन अर्धा तास तुमच्याजवळ बसून जाई. नातीला आणत नसे. हे तुम्ही मला कसलीही कुरकुर न करता सांगितलेत. बशीतला चहा हाताच्या कंपाने सांडत होता. मग एकाएकी विचारलेत, "साहेब, माझं सुटनं काहून लांबलं, तुमाले काई माहीत हाय का जी? मी तर बरा होतो. तुमाले सांगतलं होतं ना मी."

मला वाटते, तुम्ही सहजच विचारले होते. तुम्हाला संशय असता तर तुम्ही तसे तोंडावर म्हटले असते. मी काय केले? मी म्हणालो, "ते राहू द्या. तो नहराचा थांबा मोरीच्या पलीकडेच आहे. मी परवा जुना नकाशा काढून पाहिला." तुमचा चेहरा उजळला. "नकाशा चुलीत घाला!" म्हणालात, आणि आपण तासभर भांडलो. तुमची गाडी लागेपर्यंत. त्यानंतर जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा मी आधी थांब्याचाच विषय काढला, म्हणजे तुम्हाला दुसरे काही विचारायला सवड मिळू नये. तुम्हाला वाटत असेल, या म्हाताऱ्याला हरणे सोसत नाही. सोसत नव्हतेच. पण पाच वर्षे मी तुमच्याशी जो वाद घातला, तो तुम्हाला गप्प ठेवण्यासाठी होता. थांबा मोरीच्या अलीकडे आहे. मी चार वर्षांपूर्वी स्वतः जाऊन पाहिले. तेही तुम्हाला सांगितले नाही.

मंडपात जेवणाच्या पंगती उठल्यावर सुजाता माझ्याजवळ आली. "काका, तुम्ही तिथं बाबांसोबत होते ना?"

"होतो."

"मिलिंददादा म्हणाला ते खरं आहे का? त्यांना गाडी खरी वाटायची?"

"नाही. एक दिवसही नाही."

"मग डॉक्टरांना तसं सांगितलं कोणी?"

"मला काय ठाऊक," मी म्हणालो.

तुमची तसबीर आमच्यापासून चार हातांवर होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि चपला शोधू लागलो.

त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. नवव्या दिवशी मानेवाड्याला गेलो. जावई कामावर होते, नात शाळेत. सुजाता म्हणाली, "बसा ना काका." मी म्हणालो, "आधी ऐक. बसायचे की नाही ते मग तू ठरव." आणि दारात उभ्यानेच सांगितले. व्हरांडा, रामपरवेशचे रडणे, आवाज, तुम्ही मला दिलेला तो पुरावा, चौदा जणांचे हसणे, माझे वाक्य. कोठेही स्वतःची बाजू मांडली नाही. मांडण्यासारखी बाजू नव्हती.

ती आत गेली. मला वाटले, आता बाहेर येणार नाही. ती एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन आली, त्यातला कागद काढून माझ्यापुढे धरला आणि एका ओळीवर बोट ठेवले.

"वाचा."

मी वाचले. इंग्रजी होते.

"मराठीत सांगा."

"सहरुग्णाने सांगितल्यानुसार, रुग्णाला दुपारची बस खरी वाटते."

"सहा वर्षं झाली, हीच ओळ वाचून राहिली मी. कोण असेल हा, म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "आमच्या यांना मीच म्हटलं होतं काका. कागदावर आहे तर खोटं कसं असेल? मीच म्हटलं होतं."

माझ्या वाट्याचे तिनेही उचलले होते, आणि ते तिच्याकडून परत घेण्याची माझ्यात ताकद नव्हती. एवढेच म्हणालो, "तुझी चूक नाही. कागद माझा होता."

तिने मुलीच्या दप्तरातला पेन आणला. "नाव लिहा. इथं, वर."

मी 'सहरुग्ण' या शब्दाच्या वर माझे संपूर्ण नाव लिहिले.

"आता लिहा, खोटं सांगितलं म्हणून."

तेही लिहिले. तारीख घातली. तिने ते दोनदा वाचले, कागद फाइलीत ठेवला आणि म्हणाली, "दादा बोलला ते अख्ख्या मंडपानं ऐकलं. तुम्ही लिहिता ना काका पेपरात? हे लिहा. तुमच्या नावानं." मग फाइल मिटत, "बाबांनी रडणाऱ्या माणसाकडे पाहू दिलं नाही, तेही लिहा."

लिहिले आहे.

तिने चहा विचारला नाही. मी चपला घालेपर्यंत दारात उभी होती, आणि मी फाटक लावले तेव्हा आत गेली. तिने मला क्षमा केली, असे कोणी पुढे सांगू लागले तर ते खोटे समजावे. मी मागितलीही नाही. मागायची होती ती तुमच्याजवळ, टपरीवर, चहा बशीत सांडत असताना. त्याला एक दुपार पुरली असती, सुखदेवजी. आणि आपल्याजवळ दुपारी किती होत्या.